दुपट्यावरचे ठिपके

आमच्या आगाशीच्या घरात हल्ली कुठल्याही पातेल्याचा भरवसा राहिलेला नाही. झाकण उघडावं तर आत कधी कांद्याच्या साली उकळत असतात, कधी झेंडूची फुलं, कधी गुळाच्या पाण्यात भिजत घातलेले गंजके खिळे. माझ्या नवऱ्याने, सुजयने, एकदा काढा समजून डाळिंबाच्या सालींचं पाणी अर्धा पेला पिऊन टाकलं. काही झालं नाही म्हणा, उलट बिघडलेलं पोट थांबलं.

हा सगळा उद्योग माझ्या सासूबाईंचा. त्यांना कंपवात आहे. उजवा हात आधी थरथरायला लागला, मग डावा. डॉक्टर म्हणाले, हात कशात तरी गुंतवा. आईंनी मोबाईलवर कुठल्याशा बाईला कापड रंगवताना पाहिलं आणि ठरवलं, हेच करायचं. रंगात कापड बुचकळायला हात थरथरला तर काय बिघडतं? पहिले रुमाल निघाले ते कुणीतरी चहा सांडल्यासारखे. आम्ही सगळ्यांनी एका सुरात ‘छान, छान’ केलं. दुसरे त्याहून भयानक निघाले, तेही छान. खोटं बोलण्यात आमचं घर तयार झालं ते तेव्हापासून.

मग आईंनी बांधणीचं मनावर घेतलं. बांधणी म्हणजे कापडाच्या चिमटीत मुगाचा दाणा धरायचा, त्याखाली दोरा करकचून आवळायचा आणि कापड रंगात घालायचं. दोऱ्याखाली रंग शिरत नाही. गाठ सोडली की तिथे पांढरा ठिपका उरतो. थरथरत्या हातांनी हे करायचं म्हणजे आ बैल मला मार. मी तसं बोललेही. आई म्हणाल्या, “मेघना, तू एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये वाढलीस, तुला विहिरीवरून पाणी काढता येत नव्हतं. आलं ना?”

माझी नणंद इशिता बाळंत झाली, बारसं दोन महिन्यांनी ठरलं आणि त्याचं दुपटं आपणच करायचं हे आईंनी जाहीर केलं. लाल दुपटं, त्यावर ठिपक्यांच्या ओळी. रंग वाडीतल्या कोवळ्या सुपारीचा. आणि त्या संध्याकाळी मला एकटीला म्हणाल्या, “हे जमलं तर पुढे करीन. नाही जमलं तर हात गेले म्हणायचे. मग हा पसारा आवरून टाक, मला विचारूसुद्धा नकोस.”

हे त्या अगदी शांतपणे बोलल्या. गेल्या दोन वर्षांत त्यांचं लिहिणं सुटलं होतं, पोळ्या सुटल्या होत्या, साडीच्या निऱ्या मी घालून देत होते. उरलं होतं ते हे एवढंच.

रोज सकाळी त्या ओट्यावर बसायच्या. एक गाठ मारायला किती वेळ लागायचा ते बघवत नसे. दाणा निसटायचा, दोरा निसटायचा. मध्येच चिडून “मेल्या हातांनो” म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. ओळ म्हणाल तर एक ठिपका वसईला, दुसरा विरारला. मी एकदा मदत करू का विचारलं, तर त्यांनी कापड स्वतःकडे ओढून घेतलं. पुन्हा विचारायची छाती नाही झाली.

एक दिवस दुपारी मी वाळवणं काढायला बाहेर आले, तर माझे सासरे, नाना, ओट्यावर बसलेले. दुपटं मांडीवर, चष्मा नाकावर. आई गोळी घेऊन आत पडल्या होत्या. नाना आईंच्या गाठी हलकेच सोडत होते आणि सरळ रेषेत पुन्हा बांधत होते.

“नाना, हे काय?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “वाकड्या आल्यात गं. पोरीच्या सासरची माणसं बघणार. तिलाच वाईट वाटेल नंतर.” मग जरा फुशारकीने म्हणाले, “उभा जन्म पानवेली बांधण्यात गेला माझा. एवढ्याशा गाठी काय, डोळे मिटून मारीन.”

गाठी खरोखरच सुरेख दिसत होत्या. सगळ्या एका ओळीत, एका मापाच्या. मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे काय, मला आनंद झाला. म्हाताऱ्याला म्हातारीचं एवढं वाटतं याचं कौतुक वाटलं. नाना रोज दुपारी बसायला लागले आणि मी चहा नेऊन द्यायला लागले.

गंमत म्हणजे आई खुलल्या. दुसऱ्या दिवशी कापड हातात घेतलं की बोट फिरवून बघायच्या. एकदा फोनवर इशिताला सांगताना ऐकलं, “या खेपेला हात बरा चाललाय बघ. ओळी कशा सरळ येतायत!” पलीकडून इशिता ओरडली, “मम्मी, तू एकदम प्रो झालीस!” मी आणि नानांनी एकमेकांकडे बघितलं. आता सांगायची सोय राहिली नव्हती.

शेवटचा कोपरा आईंनी बांधला त्या दिवशी नारळ पाडायला माणूस आला. नाना दुपारभर त्याच्या मागे वाडीत होते. संध्याकाळी आई म्हणाल्या, उद्या सकाळीच रंगवायचं. तो कोपरा तसाच राहिला. नाना माझ्याकडे बघून हळहळले, “तेवढंच जरा वाकडं दिसेल.”

दुसऱ्या दिवशी अंगणात चूल मांडली. सुपारीचं पाणी उकळून लालभडक झालं होतं. अर्नाळ्याकडून वारा आला की सुकटीचा वास त्या वाफेत मिसळायचा. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं दुपटं त्यात सोडलं, आई काठीने ढवळत बसल्या. मग ते गार झालं, धुतलं, सावलीत सुकलं. गाठी उघडायला सुजयही सुट्टी घेऊन थांबला. हाच तर खरा क्षण असतो. कापड दोन्ही बाजूंनी ताणायचं, दोरे तडतड तुटतात आणि ठिपके उमलतात.

एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मी. ताणलं. दोरे तुटले नाहीत. अलगद गळून पडले, मुगाचे दाणे टपटप खाली आले. आणि दुपटं लाल. सगळं लाल. कुठे पुसटसा डाग असला तर असला, पण ठिपका म्हणून एक नाही.

नानांनी खाली पडलेला एक दोरा उचलून बोटात धरला. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पानवेल बांधताना गाठ कधी आवळत नाहीत. वेल जाड होते, तिला वाढायला जागा लागते, म्हणून बोटभर सैल सोडतात. नानांचा हात जन्मभर तेच शिकला होता. त्यांनी एकूण एक गाठ तशीच मारली होती, देखणी आणि सैल. रंग खुशाल आत शिरला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

फक्त शेवटच्या कोपऱ्यातले दोरे तडतडून तुटले होते आणि तिथे ठिपके होते. वेडेवाकडे, पण पांढरेशुभ्र, कडा कापल्यासारख्या स्वच्छ. आईंच्या हातचे. त्या थरथरणाऱ्या बोटांनी दोरा असा आवळला होता की सुपारीच्या उकळत्या पाण्याला दाद दिली नाही. म्हणजे नानांनी हात लावला नसता तर सगळंच दुपटं असं निघालं असतं. हे कळलं तेव्हा मला रडूच फुटलं.

आईंनी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग नानांकडे वळल्या. “हा कोपरा तुम्ही सोडून पुन्हा बांधलात ना?”

नाना पुढे आले.

“मला काय कळत नाही? दुपारी मी कुठे झोपते? तुमचा खोकला यायचा ओट्यावरून. म्हटलं, लावतायत हातभार तर लावू देत. सवय नाही म्हणून ओळ वाकडी गेली, पण ठिपका बघा किती छान उठलाय. नाहीतर माझ्या गाठी. दिसायला सरळ, आणि आत जोरच नाही.”

“जयवंती, नाही गं,” नाना कळवळून म्हणाले, “त्या माझ्या होत्या. सगळ्या माझ्या. हा कोपरा तुझा आहे. देवाशप्पथ.”

“आई, खरंच,” मी म्हणाले. “मी रोज बघत होते. त्यांनी तुमच्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या.”

आई हसल्या. रुमालांना ‘छान, छान’ म्हटलं होतं तेव्हा हसल्या होत्या तशाच. “कित्ती सांभाळून घ्याल रे मला सगळे,” म्हणाल्या. “पुरे आता. मला राग नाही आला.”

सुजय बोलला, मी पुन्हा बोलले, नानांनी तर दोरा घेऊन गाठ मारून दाखवली. आम्ही जितकं सांगावं तितक्या त्या मायेने आमच्याकडे बघत होत्या. दोन वर्षं आम्ही त्यांच्याशी गोड खोटं बोललो होतो. आता खरं बोलायला आमच्याकडे वेगळा आवाजच नव्हता.

शेवटी त्यांनी दोऱ्याचं रीळ उचललं. ते हातातून दोनदा सुटलं. मग नानांच्या तळहातावर ठेवून त्यांनी त्यांची बोटं मिटवली.

“बारशाला अजून वेळ आहे. दुसरं कापड घ्या आणि तुम्हीच बांधा. तुमच्या हातात आहे ते. मी शेजारी बसून बघीन.”

नानांनी मान डोलावली आणि खाली पडलेले मुगाचे दाणे वेचायला घेतले.