न धुतलेला कपडा

बाईंनी पिशवीतून शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. घडी अशी, की कडा बोटाला लागाव्यात. टेबलामागच्या चष्मेवालीनं तो उलगडला, नाकाशी नेला आणि परत खाली ठेवला.

"हा धुतलाय."

"धुणार नाही तर काय? इस्त्रीपण केलीय. आमची लॉन्ड्री आहे."

"अहो, फोनवर सांगितलं होतं ना, अंगावरून काढलेला कपडा आणा. आमच्या निवाऱ्यात आलेली जनावरं पहिले चार दिवस त्याच्यावरच निजतात. त्यांना घरच्या माणसाचा वास लागतो."

सांगितलं होतं खरं. काल दुपारी बाईंनी खुंटीवरून नवऱ्याचा शर्ट काढलाही होता, पण हात आपला पाण्याकडेच गेला. पंचवीस वर्षांत त्यांच्या दारातून मळका कपडा बाहेर पडला नव्हता. परक्या माणसांपुढं तो कसा न्यायचा?

सोडायला आणलेली कुत्री खाली बाईंच्या चपलेवर बूड टेकून बसली होती. बाईंनी पाय काढून घेतला. कुत्री सरकली आणि पुन्हा पायावरच बसली.

घरून सही करून आणलेला फॉर्म चष्मेवालीनं पुढं ओढला.

"नाव रिकामं आहे. काय लिहू?"

बाई रिकाम्या पिशवीची घडी घालू लागल्या.

"कुत्रीचं नाव हो."

"राणीसरकार," बाई दात न उघडता म्हणाल्या.

चष्मेवाली हसली. बाईंना हसू आलं नाही, कारण ते नाव त्यांचं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं नवरा गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून आला की दारातूनच म्हणायचा, "राणीसरकार, आलो बरं का." मग ते बंद पडलं. नेमकं कधी, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. चार वर्षांपूर्वी तो हे पिल्लू पिशवीत घालून घेऊन आला आणि दुसऱ्याच संध्याकाळी दारातून तीच हाक आली. बाई इस्त्री बाजूला ठेवून वळल्या होत्या, चेहऱ्यावर हसूही आलं होतं. पाहतात तर तो उकिडवा बसून पिल्लाशी बोलत होता.

तेव्हापासून पोटात जे पेटलं ते काही विझलं नाही. रोज संध्याकाळी तो त्या कुत्रीला विचारायचा, दमलीस का, जेवलीस का, कोणी रागावलं का. आणि दिवसभर इस्त्रीपुढं उभं राहून पाय भरून यायचे ते बाईंचे. महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर तांबूस केस सापडला, तेव्हा बाईंनी संधी सोडली नाही. एक तर ही राहील नाही तर मी, असं सांगून टाकलं. आज सकाळी नवऱ्यानं कुत्रीला तासभर विंचरलं, बाईंनी बोट ठेवलं तिथं सही केली आणि पाठ करून गठ्ठे बांधत राहिला.

"सोडण्याचं कारण?"

"केस. कपड्यांना लागतात."

"एवढंच?"

"एवढंच लिहा."

चष्मेवालीनं लिहिलं. मग शर्ट काखेत मारून ती कुत्रीला आतल्या खोलीत घेऊन गेली. दाराला काच होती. आत पाहायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं आणि तरी त्या पाहतच होत्या. शर्ट फरशीवर अंथरला गेला. कुत्रीनं तो हुंगला, ओलांडला आणि काचेला नाक लावून बारीक आवाजात रडायला लागली.

चष्मेवाली बाहेर आली. "साबणाशिवाय कशाचाच वास नाही त्याला. दुसरं काही आहे? अंगातला स्वेटर तरी द्या."

"माझ्या स्वेटरचा काय उपयोग? तिचा सगळा जीव आमच्या यांच्यावर."

"द्या तर खरा."

स्वेटर आठवडाभराचा मळलेला होता आणि बाहीला खळीचे डाग होते. देताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो अंथरल्याबरोबर कुत्री दाराशी होती ती वळली, तीन गिरक्या घेतल्या आणि बाहीत तोंड खुपसून पडली. रडणं थांबलं.

"ही तर तुमची आहे," चष्मेवाली दारातून म्हणाली.

इस्त्रीच्या टेबलाखाली रोज सकाळपासून पायाला टेकलेली ती ऊबदार पाठ बाईंना आठवली. दिवसातून दहा वेळा त्या तिला पायानं सरकवायच्या आणि दहा वेळा ती परत यायची. नवरा तर दिवसभर बाहेरच असायचा. संध्याकाळच्या त्या एका हाकेकडे त्यांनी असे कान लावले होते, की उरलेला दिवस कुत्री कोणाजवळ असते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

चष्मेवाली आत कुत्रीजवळ बसली आणि तिच्या कानामागं खाजवू लागली. "गुणाची गं माझी ती," तिचा आवाज बाहेर आला. कुत्रीनं सुखानं डोळे मिटले. बाईंच्या पोटात ते जुनं, ओळखीचं पुन्हा भडकलं. दार ढकलून त्या आत गेल्या.

"तिला तिथं हात लावलेला आवडत नाही."

हे साफ खोटं होतं.

"बरं, नाही लावत."

"आणि माझा स्वेटर परत द्या. आमच्याकडून न धुतलेला कपडा बाहेर जात नाही."

चष्मेवालीनं चष्मा वर सारून त्यांच्याकडे पाहिलं. "मग तुम्हीच उठवा तिला. मी नाही उठवणार."

बाई वाकल्या. "ए," त्या म्हणाल्या. चार वर्षं त्या तिला एवढंच म्हणत आल्या होत्या. कुत्रीनं एक डोळा उघडला आणि परत मिटला. बाईंनी चष्मेवालीकडे पाहिलं. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"ऊठ, राणीसरकार," बाई हळूच म्हणाल्या. "घरी चल."

कुत्री उठली.

रस्त्यानं ती सारखी पायात पायात येत होती. शर्ट पिशवीत होता आणि केसांनी भरलेला स्वेटर बाईंच्या अंगात. चौकात पोचेपर्यंत त्यांचं ठरलं. आज संध्याकाळी नवरा दारात आला, की कुत्रीला नवं नाव शोधायचं काम त्यालाच लावायचं. जुनं नाव त्यांना परत हवं होतं.