दोन शिफ्टमधला वाढदिवस

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. जुनं म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका! माझा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. पण पंखा पुसायला माझ्यावर धडधाकट माणूस चढतो आणि मी हूं की चूं करत नाही.

पाय आखूड कापला तो सुताराने. वर गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगितलं, "तुमची फरशीच वाकडी आहे." गिऱ्हाईक म्हणजे या घरातले बाबा. त्यांना ते पटलंसुद्धा! बाबा बस चालवतात, आई दवाखान्यात नर्स आहे. दोघांच्या ड्युट्या कधी जुळत नाहीत, म्हणून या घरात सगळं शिफ्टमध्ये चालतं. बाबा सकाळी अकरालाच जेवतात, आई दुपारी चारला, आणि त्यांची मुलगी बबडी दोघांच्याही ताटातलं खाते.

नव्याची नवलाई होती तोवर माझं फार कौतुक झालं. मग माझ्यावर इस्त्रीचे कपडे, चार्जर, विजेची बिलं असं काहीबाही साठू लागलं. 'टाक टेबलावर' एवढंच ऐकू यायचं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं.

बबडीच्या वाढदिवसाला मात्र मला लख्ख पुसलं जायचं. पुसायला यायचा लंबू, बबडीचा पहिलीपासूनचा मित्र. न सांगता तासभर आधी यायचा. दुसरी जिवलग मैत्रीण वकीलबाई. वाद घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून हे नाव.

बबडीला सोळावं लागणार होतं, त्याच महिन्यात लंबूने वर्गातल्या मित्रमैत्रिणींना सांगून टाकलं की त्याला मुली नाही, मुलगे आवडतात. काहींनी त्याच्या पाठीवर थाप मारली, काहींनी नाकं मुरडली. वकीलबाई तोंडावर म्हणाली, "आमच्या घरी हे चूक मानतात. मलाही पटत नाही." झालं! दोघांचा अबोला सुरू झाला.

एकाला बोलवावं तर दुसरा कायमचा तुटेल, अशी बबडीला भीती वाटली. मग या घरात वाढलेल्या मुलीलाच सुचेल असं तिला सुचलं. वाढदिवस दोन शिफ्टमध्ये! तीन ते पाच वकीलबाई आणि तिच्या मताची मंडळी, साडेपाचपासून लंबू आणि त्याच्या बाजूची. कुणाला काही विचारलं नाही, ज्याला त्याला फक्त त्याची वेळ कळवली. केकवर सुरीने मधोमध रेघ तेवढी ओढली. मला तोंड असतं तर मी तिला चांगलं खडसावलं असतं.

साडेचारला बेल वाजली. फुग्यांची पिशवी घेऊन लंबू दारात उभा, नेहमीसारखा तासभर आधी. त्याने माझ्याभोवतीची मंडळी पाहिली, उष्ट्या बशा पाहिल्या, उरलेला अर्धा केक पाहिला.

"म्हणजे मला दुसऱ्या खेपेला ठेवलंस होय?" तो हळूच म्हणाला.

लंबू पिशवी खाली ठेवून वळला, तोच वकीलबाई ताडकन उठली. मला वाटलं, आता फुटलं भांडण. पण ती बरसली बबडीवर.

"तो नको असं मी कधी म्हटलं गं? मला त्याचं पटत नाही. म्हणून त्याच्या शेजारी बसून केक खाणार नाही, असं तूच कसं ठरवलंस?"

"आणि तुला पटलं पाहिजे असं मी तरी कुठे म्हटलं?" लंबू दारातूनच म्हणाला. "मी आहे हा असा आहे."

कोपऱ्यातून एक मुलगा फिसकन हसला. तेवढ्यात ड्युटीचा गणवेश घातलेली आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "या टेबलाशी बसलेल्या कुणाची टिंगल होणार नाही," ती म्हणाली. "ज्याला जमत नसेल त्याच्या चपला दाराशी आहेत."

बबडी रडत रडत म्हणाली, "चूक माझी आहे, लंबू. भांडण नको म्हणून मी तुलाच बाजूला सारलं. राहा ना रे."

"राहीन," लंबू म्हणाला. "पण इथे माझ्यावर चर्चा नको. मी पाहुणा आहे, वादविवादाचा विषय नाही."

"कबूल," वकीलबाई म्हणाली. "पण माझं मत तेच आहे हं!"

"माहितीये. गणित चुकलं तरी तू उत्तर बदलत नाहीस."

आधी वकीलबाईच हसली. मग तिने सरकून अर्धी खुर्ची रिकामी केली आणि लंबू तिथे टेकला. साडेपाचला दुसरी मंडळी आली. सहा जणांपुरत्या माझ्याभोवती त्या दिवशी तेरा जण बसले! मतं कुणाची बदलली नाहीत. गाणी मात्र सगळ्यांनी बेसूर म्हटली, आणि माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर पसारा टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. घरी कुणाला बोलवाल तेव्हा त्याच्या मनातलं त्यालाच विचारा, तुम्ही ठरवू नका. टिंगल नाही, हे आधीच बजावून ठेवा. आणि जागा कमी पडली तर आपापली कोपरं आत घ्या, माणूस गाळू नका.