टटलसाहेबांची समजूत

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण तो आहेच एवढासा. अमेरिकेतल्या राज्याची सेनेट म्हणजे आपली विधान परिषदच समजा, फक्त इथे लोक थेट मत देतात. तर त्या सेनेटवर एल्मफील्ड आणि आजूबाजूच्या गावांनी साठ वर्षांत तीनच माणसं पाठवली. पहिला अंड्यांचा घाऊक व्यापारी. तो खुर्चीत असतानाच वारला. मग त्याचा मेव्हणा, वकील. तोही खुर्चीतच गेला. तिसरे ॲम्ब्रोज टटल, फर्निचरवाले. त्र्याऐंशी साली त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि उठायचं नाव नव्हतं. दर दहा वर्षांनी नकाशावरच्या रेषा सरकायच्या, दोन गावं बाहेर जायची, एक आत यायचं. माणूस मात्र तोच. राज्याचं नाव सांगत नाही, आम्हाला अजून तिथेच राहायचंय.

मला या सगळ्याशी काय देणंघेणं? होतं. आमच्या गावाहून राजधानीला जाणारी एकच बस होती आणि तिचं अनुदान त्या वर्षीच्या बजेटमध्ये बंद करायचं घाटत होतं. मी राजधानीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालेली. चौथ्यांदा गेले तेव्हा मला बघूनच परीक्षकाचा चेहरा पडला, मग मीही पुन्हा गेले नाही. बस गेली की नोकरी गेली.

"त्यात काय एवढं? मी ड्रॉप करत जाईन ना," माझा नवरा हेमचंद्र म्हणाला. तो सर्जन. त्याचं हॉस्पिटल बरोबर उलट्या दिशेला, आणि ऑपरेशनं सकाळी उजाडताच. म्हणजे 'आता घरी बस' हेच तो सांगत होता, फक्त गोड आवाजात. मला असा काही संताप आला की रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमध्ये, गणपतीच्या हॉलचा विषय चालू असताना, मी मध्येच उठून सगळं बोलून टाकलं.

मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबककाका. मूळचे साताऱ्याकडचे, इथे बॉयलरच्या कारखान्यात इंजिनिअर. मंडळ निघालं तेव्हापासून दर वर्षी बिनविरोध निवडून येत. त्यांची पद्धत ठरलेली होती. कोणाला अध्यक्ष व्हायची खुमखुमी आली असं कानावर आलं, की काका संध्याकाळी त्याच्या घरी चहाला हजर. मुलांचं शिक्षण, घराचं छप्पर, गुडघेदुखी, सगळं बोलून व्हायचं. उठता उठता म्हणायचे, "मग काय, मागे घेताय ना?" आणि तो बिचारा घ्यायचा.

"प्रॉब्लेम सेनेटरचा आहे ना? मग सेनेटर बदलू," काका म्हणाले. "नीला, तू उभी राहा. तू सिटिझन आहेस, लोक तुला ओळखतात."

"काका, मला फक्त बसस्टॉपवरचे लोक ओळखतात."

"पुरे झाले तेवढे. आपण इलेक्शन होऊच द्यायचं नाही. बिनविरोध करू."

हेमचंद्र हसायलाच लागला. "काका, ही काय ग्रामपंचायत आहे? इथे पार्टी असते, आधी पार्टीतल्या पार्टीत निवडणूक, म्हणजे प्रायमरी असते."

"आणि माणूस? तो असतो की नाही? माणूस असला की समजूत काढता येते."

मार्च महिन्यात एका रविवारी आम्ही तिघं टटलसाहेबांच्या घरी गेलो. काका समजूत काढायला, मी उमेदवार म्हणून आणि हेमचंद्र गाडी चालवायला. काकांच्या मांडीवर शाल आणि नारळ. मला इतकी लाज वाटत होती की वाटेत गाडी बंद पडली तर बरं, असं मी मनात म्हणत होते.

दार टटलसाहेबांनीच उघडलं. थकलेला, उंच, वाकलेला माणूस. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि कॉफी दिली. काकांनी थंडीपासून सुरुवात केली. मग बॉयलर. मग ओक लाकूड चांगलं की मेपल. मग गुडघे. गुडघ्यांवर दोघांची अशी काही गट्टी जमली की आपण कशाला आलोय हे काका विसरले की काय, अशी मला शंका आली. विसरले नव्हते. ते उठले, साहेबांच्या खांद्यांवर शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि आपल्या ठाशीव इंग्रजीत म्हणाले, "सर, यू हॅव डन प्लेंटी. नाऊ टेक रेस्ट. आमची ही मुलगी उभी राहतेय. तुम्ही मागे घ्या."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. हेमचंद्र छताकडे बघत बसला. टटलसाहेब नारळाकडे बघत राहिले. आता पोलीस बोलावतात, असं मला वाटलं.

"बावीस वर्षं लोक मला हरवू म्हणतायत," ते हळूच म्हणाले. "एकानं तर तुरुंगात टाकतो म्हणून सांगितलं. पण घरी येऊन 'दमलात, आता थांबा' असं कोणी म्हणालं नाही. पार्टीला वाटतं मीही त्या दोघांसारखं खुर्चीतच मरावं. त्यांना ते सोयीचं आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. भांडायची तयारी करून आले होते मी, आणि त्या म्हाताऱ्याची मला मायाच वाटायला लागली.

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला सेनेटर कशासाठी व्हायचंय?"

"बससाठी," मी म्हटलं. लॅब, परीक्षक, नवऱ्याचा गोड आवाज, सगळं सांगितलं. नवरा शेजारीच बसला होता, तरी सांगितलं. "आणि तुम्ही ती बस बंद करायला मत देणार आहात!"

"द्यावंच लागतं. नाहीतर पार्टी पुन्हा तिकीट देत नाही." एवढं बोलून ते थांबले आणि खो खो हसत सुटले. कशाला हसतायत ते काही सांगितलं नाही. काकांनी पायरीवर नारळ फोडून दिला, साहेबांनी खोबरं खाल्लं, आम्ही घरी आलो.

पुढच्या आठवड्यात पेपरात बातमी: टटल निवडणूक लढवणार नाहीत. मंडळात दिवाळीच झाली. पेढे वाटले, माझ्या गळ्यात हार घातला, जर्सी सिटीहून नणंद शैलाचा फोन आला, "वहिनी, आता तुला मॅडम म्हणायचं का गं?" या धामधुमीत एक गोष्ट राहिलीच. उमेदवार व्हायला मतदारांच्या सह्या गोळा करून मुदतीत द्याव्या लागतात. "अगं, बिनविरोध म्हटल्यावर सह्या कशाला?" काका म्हणाले. तोवर मुदत टळून गेली होती. पार्टीनं दातांचा एक तरुण डॉक्टर उभा केला आणि पुढे तोच मतदारसंघाचा चौथा सेनेटर झाला. माझं राजकारण पेढ्यांतच संपलं. आठवडाभर मी काकांशी बोलले नाही.

पण बसचा निकाल अजून लागायचा होता, आणि कारकीर्द संपेपर्यंत सेनेटर टटलच होते, आता तिकिटाची गरज नसलेले. त्यांनी मला कसलाही शब्द दिला नव्हता.

जूनमध्ये मी रजा टाकून सेनेटच्या गॅलरीत जाऊन बसले. हेमचंद्र ऑपरेशन आटोपून धावतपळत आला आणि माझ्या मागे उभा राहिला. बसचं अनुदान बंद करायचं कलम मताला आलं. आडनावांच्या क्रमानं पुकारा चालला होता. होय, नाही, होय, नाही, अगदी चुरशीचं. टटल शेवटाकडे. ते उठले तेव्हा 'होय'वाले एका मतानं पुढे होते आणि शेवटच्या दोघांची मतं सगळ्यांना ठाऊक होती: एक इकडे, एक तिकडे.

"माझ्या गावातली एक बाई माझ्या घरी आली," ते म्हणाले, "आणि मला तोंडावर बोलली. माझं मत 'नाही'."

बरोबरी झाली आणि कलम पडलं. मी गॅलरीत ढसाढसा रडले. पहारेकरी जवळ आला, तेव्हा हेमचंद्रनं त्याला सांगितलं, "शी इज हॅपी." आणि मी होतेच, आयुष्यात क्वचितच झाले असेन इतकी.

बाहेर त्याची गाडी उभी होती. "चल, बस," तो म्हणाला.

"तू हो पुढे. मी माझ्या बसनं येते."

तो गाडीकडे पाहत जरा घुटमळला. मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि माझ्याबरोबर चालत स्टॉपवर आला. "गाडी उद्या नेऊ," म्हणाला. बस आली. आम्ही चढलो. मी दोघांचं भाडं टाकलं, तो खिडकीशी बसला आणि पोरासारखा बाहेर बघायला लागला. एल्मफील्डची पाटी दिसली तसा चुळबुळ करत माझ्याकडे वळला.

"नीला, आपला स्टॉप कुठला गं?"

अकरा वर्षं राहत होतो आम्ही त्या गावात.

"मी सांगते," मी म्हटलं.