वरची जमीन, खालचं छत

हुमनाबादच्या बाजारगल्लीतलं ते घर वाटून घेताना भावांनी वकील केला नव्हता. पानामागं पैसे घेणाऱ्या एका लिहिणाऱ्याला बसवलं आणि त्यानं ऐटबाज अक्षरात लिहिलं: खालचा मजला छतासह गुरुशांतप्पांचा, वरचा मजला जमिनीसह प्रभुलिंगचा. दोघांनी सह्या ठोकल्या. खालचं छत आणि वरची जमीन म्हणजे त्याच त्या अडतीस सागवानी फळ्या आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. डोक्यात राग असला की तिथं दुसरं काही मावत नाही.

रागाचं कारण आधीच सांगून टाकलेलं बरं. आई गेली त्या दिवशी प्रभुलिंग पुण्याहून येणाऱ्या सरकारी बसच्या स्टिअरिंगवर होता. तो पोचला तेव्हा आईला माती देऊन लोक आंघोळी उरकून बसले होते. त्यांच्यात मयताला बसवून पुरतात. आईच्या अंगावर बेलपान ठेवायचा, मूठभर विभूती टाकायचा धाकट्या लेकाचा मान त्या खड्ड्याबरोबर बुजून गेला. "बसच्या टायमानं मरण येत न्हाई," एवढंच थोरले बंधू गुरुशांतप्पा म्हणाले. प्रभुलिंगनं उत्तर दिलं नाही. महिन्याभरात घर वाटलं गेलं आणि ते उत्तर न देणं पुढं अकरा वर्षं चाललं.

या अकरा वर्षांत प्रभुलिंग नोकरीपायी या डेपोतून त्या डेपोत फिरत राहिला. वरचा मजला त्यानं बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला भाड्यानं दिला होता. निवृत्त झाल्यावर बायको निलम्माला घेऊन तो घरी आला आणि दार उघडून उंबऱ्यातच उभा राहिला. बॅटरीवाल्यानं भाडं कधी चुकवलं नव्हतं. जमिनीचं मात्र पार वाटोळं केलं होतं. जागोजागी ॲसिडचे पांढुरके चट्टे, लोखंडी पिपांच्या बुडांची गोल काळी कडी आणि तेलाचे ओघळ. मधूनमधून लाकूड असं खरबरीत झालेलं, की अनवाणी चाललं तर तळव्यात कुसळ शिरावं. प्रभुलिंगला साखरेचा आजार. पायाला जखम होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

फरशी बसवावी म्हटलं तर जुन्या तुळयांना तिचं ओझं झेपणार नव्हतं. कलबुर्गीहून मशीन आणून जमीन घासून देणाऱ्या माणसानं एका फुटाचा जो दर सांगितला, तो ऐकून प्रभुलिंगनं फोन कानापासून लांब धरला. फंडाचे पैसे मुलीच्या लग्नात गेले होते आणि पेन्शन म्हणजे नावाला. म्हणून त्यानं स्वतःच कंबर कसली. डेपोत बसचा तळ कसा धुतात हे त्यानं तीस वर्षं पाहिलेलं. कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवून त्यानं दिवसभर फळ्या खसाखसा घासल्या. संध्याकाळी पाठीचा कणा मोडायला आला तरी गडी खूश होता.

सकाळी बघतात तर सगळी जमीन उकळलेल्या चहासारखी काळपट. डाग होते तिथंच होते, वर बिनडागाची जागाही काळवंडलेली.

"अवं, पैले निदान मधीमधी तरी चांगली व्हती की," निलम्मा म्हणाली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

मग पिराजी सुताराला बोलावणं गेलं. पिराजी सत्तरीला टेकलेला. हात अजून सरळ चालायचा, जीभ मात्र कधीच सरळ चालली नव्हती. तो जमिनीकडं बघून मनसोक्त हसला.

"डायवरसाब, सोडा कुनी सांगितला? सागवानाला सोडा लावनारा मानूस मी पैल्यांदा बघायलो."

त्यानं किराणा दुकानातून लिंबूसत्व आणायला लावलं, ते पाण्यात विरघळवून एका कोपऱ्यात चोळलं. सोड्याचा काळेपणा गेला, पिपांची कडीही फिकी झाली. ॲसिडचे चट्टे मात्र ढिम्म हलले नाहीत. "ह्ये जळलंय, मळलेलं न्हाई," पिराजी म्हणाला. त्यानं भिंतीकडच्या एका फळीचे खिळे उपसले, फळी वर काढली आणि उलटी करून प्रभुलिंगपुढं धरली.

खालची बाजू मधाच्या रंगाची होती. वडिलांनी या फळ्या एक जुना बंगला पाडला तेव्हा लिलावात घेतल्या होत्या. साठ वर्षांत या बाजूवर कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, थेंब सांडला नव्हता. तुळया जिथं टेकल्या होत्या तिथं तेवढे फिकट पट्टे.

"सगळ्या उलट्या करू," पिराजी म्हणाला. "भोकं भुसा आनि गोंदानं भरू, पॉलिश पेपर मारू, वरून उकळलेलं जवसाचं तेल. लाकूड तुमचंच, खिळे तेवढे नवे लागतील."

इतकं स्वस्त आणि इतकं सोपं. निलम्मा तर त्या फळीवरून हात फिरवत राहिली. प्रभुलिंगचा चेहरा मात्र उतरला. त्याच्या जमिनीची चांगली बाजू म्हणजे अण्णांचं, गुरुशांतप्पांचं, छत होतं. ती वर घ्यायची तर ॲसिडचे चट्टे, काळी कडी, तेलाचे ओघळ हे सगळं खाली अण्णांच्या तोंडावर जाणार. आणि त्यासाठी अण्णांना विचारावं लागणार. साहेब लोकांच्या शिव्या त्यानं हसत खाल्ल्या होत्या, पण हे एक वाक्य त्याच्या ओठांवर येईना.

त्यात गुरुशांतप्पा अंथरुणाला खिळलेले. चौदा महिन्यांपूर्वी भांड्यांच्या दुकानात स्टुलावर चढून वरचं घंगाळ काढताना पडले, खुबा मोडला, तो नीट जुळलाच नाही. दुकान आता त्यांची बायको रत्नम्मा बघायची. ते दुकानामागच्या खोलीत उताणे पडून असत. प्रभुलिंगचा जिना बाहेरून, गल्लीतून. त्यामुळं खाली डोकावायची त्याला गरज पडत नव्हती आणि त्यानं ती पाडूनही घेतली नव्हती. बायकांचं मात्र झकास चाललेलं. निलम्मा वाटीभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घेऊन खाली जायची, रत्नम्मा शेंगाची चटणी घेऊन वर यायची.

"दिसभर काय करतेत?" एकदा त्यानं निलम्माला उगीच विचारल्यासारखं केलं.

"काय करनार? छताकडं बघत पडलेले असतेत."

हे त्याच्या काळजाला लागलं. ज्या माणसाला बघायला जगात एक छतच उरलंय, त्याच्या डोळ्यांपुढं आपले डाग टांगायचे? दोन दिवस विचार करून त्यानं पिराजीला सांगून टाकलं, फळ्या उलटायच्या नाहीत, आहे तसंच राहू, मी घरात चप्पल घालीन. कारण कुणाला सांगितलं नाही. निलम्माला तेवढं सांगितलं, म्हणजे गावाला सांगितल्यात जमा. आपण भावासाठी काहीतरी सोडलं या विचारानं त्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं. खरं सांगायचं तर भाऊ आता आपल्या उपकाराखाली आला, याचीही त्या गोडीत थोडी भर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायाखालून ठक ठक आवाज आला. कुणीतरी खालून काठीनं फळ्या ठोकत होतं. अकरा वर्षांत खालून वर आलेला हा पहिला निरोप. पाठोपाठ रत्नम्मा धापा टाकत जिना चढून आली.

"भावजी, तुमचे अण्णा इचारायलेत, फळ्या उलट्या करनार व्हताव ते कामून थांबलाव?"

"वैनी, त्यास्नी डाग बघाय लागू नयेत म्हनून..."

"व्हय, कळलं त्यास्नी. लई चिडलेत." रत्नम्मानं पदरानं तोंड पुसलं. "म्हनायलेत, चौदा म्हैने तेच तेच बघायलो. अडतीस फळ्या, दोनशे सात गाठी, मोजून मोजून कटाळलो. डागांत निदान काय तरी नवं दिसंल. आनि म्हनायलेत, मला इचारल्याबिगर माझ्यासाठी मोठेपना करायला त्येला कुनी सांगितलं?"

प्रभुलिंगला आधी राग आला. मग लाज वाटली. त्यानं पिराजीला फोन लावला.

काम सुरू झालं. एक फळी काढायची, घासायची, उलटी करून ठोकायची, मग पुढची. अण्णांनी दुकानात हलायला साफ नकार दिला. रत्नम्मानं त्यांच्या अंगावर जुनी ताडपत्री टाकली आणि तोंडावर टॉवेल. तिसऱ्या दिवशी काम त्यांच्या खाटेच्या वर आलं. प्रभुलिंग पालथा पडून खिळे उपसत होता. फळी सुटली, पिराजीनं ती बाजूला ओढली, आणि वीतभर फटीतून भुसा खाली झरला.

खाली टॉवेल हलला. अण्णांनी तो बाजूला केला आणि वर बघितलं. दाढी पांढरीफेक, गाल आत गेलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे. नाक मात्र तेच, वडिलांचं.

"म्हातारा झालास की रे," अण्णा म्हणाले.

"तुमी बी," प्रभुलिंग म्हणाला.

"मी तर पडून झालो. तू कशानं झालास?"

प्रभुलिंग फटीजवळ सरकला. अण्णांनी डोळ्यात गेलेला भुसा पुसला.

"मला वर येता येत न्हाई, प्रभू. तू खाली ये."

प्रभुलिंग उठला. जिना उतरला, गल्लीतून वळून दुकानात शिरला. रत्नम्मा गिऱ्हाईकाला तांब्या दाखवत होती, ती तशीच बघत राहिली. आत खुर्ची होती, पण तो खाटेच्या कडेवरच बसला. ताडपत्रीवर भुसा पडला होता, तो हातानं गोळा करू लागला.

"आता सांग," अण्णा म्हणाले. "कुठं अडकलती तुझी बस?"

हे उत्तर अकरा वर्षं तयार होतं. उमरग्याच्या पुढं उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली, दोन्हीकडं कोसभर गाड्या, क्रेन यायला चार तास. त्यानं ते पाठ म्हटल्यासारखं सांगून टाकलं. पण सांगून झाल्यावर त्याला थांबता येईना, आणि निलम्मालाही कधी सांगितलं नव्हतं ते तोंडून बाहेर आलं.

"एक पोरगं म्हनलं, मोटरसायकलवर सोडतो, चला. आलो असतो तर टायमात घावलो असतो. गाडीत चव्वेचाळीस मानसं व्हती, अण्णा. मला स्टिअरिंग सोडवंना."

अण्णांनी नजर वरच्या फटीकडं वळवली.

"मातीला आलेले जंगम अय्या म्हनले व्हते, धाकट्यासाठी आनिक घडीभर थांबू," ते म्हणाले. "लोक बी थांबाय तयार व्हते. मीच न्हाई म्हनलो."

प्रभुलिंगला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. अण्णांनी ताडपत्रीखालून हात काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. हात हलका झाला होता, भाकरीच्या पिठासारखा मऊ. वरून फटीतून पिराजीचं डोकं दिसलं.

"डायवरसाब, फळी बसवू का?"

उत्तर अण्णांनीच दिलं.

"बसव की. डागाची बाजू हिकडं."