मोहिनीच्या बॅगेतली वही

मार्गदर्शक सोनवणे सरांनी मुलाखतींची वही मागून घेतली तेव्हा रुखसारला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच वही तिला मोहिनीच्या बॅगेत दिसली.

पीएचडीला लागून तिला जेमतेम सहा महिने झाले होते. फवारणी झालेल्या कपाशीत बायका किती दिवसांनी तण निंदायला उतरतात आणि त्यांना काय त्रास होतो, हा तिचा विषय. जळगावहून अमळनेरकडच्या एका गावात जाऊन तिने दोन दिवसांत अडतीस मुलाखती उरकल्या होत्या. एवढ्या बायका एका जागी सापडणं काही सोपं नसतं. पण निंदणीची टोळी चालवणाऱ्या मुकादमीन लताबाईने एका हाकेत सगळ्यांना आपल्या ओट्यावर आणून बसवलं, वर चहाही पाजला. रुखसार स्वतःवर भलतीच खूश होती. आणि आता ती आयती वही मोहिनीला? मोहिनी सरांचीच विद्यार्थिनी, चौथ्या वर्षाची, मोजकं बोलणारी. मोजकं बोलणाऱ्यांचा संशय लवकर येतो.

घरी तिने अब्बांना सांगितलं. नूर महंमद शेरवान्या शिवायचे. बेतायचं त्यांनी, टाके त्यांचे, कॉलरीखाली लेबल मात्र दुकानदाराचं. ते काजं करता करता एवढंच म्हणाले, "पहले अपना नाम डाल, बेटा."

तिने लताबाईला फोन लावला.

"तुमनी मोहिनीताई उनी व्हती," लताबाई म्हणाली. तिच्या आवाजात घुस्साच होता. "मनाकडे चहा पेवाले बी थांबनी नही. सरळ वावरमा गयी."

झालं, आता शंकेला जागाच उरली नाही. धुळ्याच्या परिषदेला शोधनिबंध पाठवायची मुदत तीन दिवसांवर होती. रुखसारने खोलीचं दार लावून घेतलं, अडतीस उत्तरांची कोष्टकं केली आणि निष्कर्ष लिहिला की बायका फवारणीनंतर आठ दिवस थांबतात, म्हणून धोका कमी आहे. लेखक म्हणून एकटीचं नाव घातलं. आठवड्याभरात निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. पहिलावहिला निबंध, पण पेढे वाटायची सोय नव्हती. ती विभागात तोंड मिटून वावरत राहिली आणि मोहिनी कधी काय छापते यावर डोळा ठेवून राहिली.

मग एके दुपारी सरांनी दोघींना बोलावलं आणि वही टेबलावर ठेवली.

"नव्या विद्यार्थ्याची पहिली वही मी दुसऱ्याला देतो. त्याने गावात जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. आधी सांगत नाही, कारण सांगितलं की मुलं गावात फोन करतात."

रुखसारने मान खाली घातली.

"बारा जणींना शेतात गाठलं," मोहिनी म्हणाली. "अकरा जणी दुसऱ्याच दिवशी उतरतात. हातांना फोड येतात, चक्कर येते. मग आठ दिवस का सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाल्या, मुकादमीन समोर बशेल व्हती, मंग काय सांगूत?"

रुखसारला तो ओटा आठवला. मधोमध लताबाई, आणि उत्तर देण्याआधी तिच्याकडे वळणाऱ्या अडतीस नजरा. तिला त्या तेव्हा दिसल्याच नव्हत्या. स्वतःची चीड येऊन तिचे कान तापले.

"सर, मी तो निबंध धुळ्याला पाठवला. तो छापणार आहेत."

सरांनी विचारलं, "त्यात माझं नाव आहे?"

"नाही."

"मग मागे घ्यायचं पत्र तुलाच लिहावं लागेल. आजच लिही."

मोहिनीने शांतपणे विचारलं, "प्रश्नावली कोणी तयार केली असं लिहिलंस?"

ते वीस प्रश्न मोहिनीचे होते. दोन हंगाम बांधावर बसून, बायकांच्या बोलीत तिने ते घासून घासून तयार केले होते. रुखसार नवीन आली त्या आठवड्यात मोहिनीने तिला ते न मागता देऊन टाकले होते.

"मी," रुखसार म्हणाली.

तिने तिथेच बसून पत्र लिहिलं. माहिती चुकीची होती, हे एका झटक्यात लिहून झालं. प्रश्नावली माझी नव्हती, या वाक्याला अर्धा तास लागला. मोहिनीने पत्र वाचलं, मान डोलावली, आणि ते गेलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवायला जाताना मोहिनी आपल्या कपाटाला कुलूप लावू लागली.