नवरीच्या मोबाइलचा सौदा

हमरोबीबी चरवी गुडघ्यांत धरून कबरीच्या कासेशी बसली होती, एवढ्यात गोठ्याच्या तोंडाशी तुर्सुनअली येऊन उभा राहिला. गुरांचा व्यापारी तो. सलाम करायच्या आधीच त्याचे डोळे गाईच्या पाठीवरनं फिरून आले.

"किती म्हयन्यांची गाभण?"

"तुला सांगितलं तर लवकर व्यायची हाय का?"

"आपलं इचारलं. गावात बोलत्यात, तुमच्या व्हणाऱ्या सुनंला महागाचा मोबाइल पायजे म्हणं. म्हटलं, गाय निघायचीच आसंल तर दुसऱ्याच्या दावणीला कशापायी? दीड कोटी सोम देतो. रोख. सांजच्याला येऊ का?"

धार चरवीत वाजत राहिली. तुर्सुनअलीनं नकार ऐकला नव्हता, तेवढ्यावर तो खूश होऊन गेला.

बाहेर धुकं होतं. कपाशी उपटून झाली होती, वळचणीला पऱ्हाट्यांच्या मोळ्या रचल्या होत्या, आणि रान मोकळं पडताच मातीतलं मीठ वर येऊन सगळं शिवार पांढरं फटक पडलं होतं. तेराक्ली गावची जमीन अशीच खारी. परसात कांदा लावा, टोमॅटो लावा, बोटभर वर यायचं आणि पिवळं पडायचं. नवरा वारल्यापासून हमरोबीबीचं घर चाललं होतं ते कबरीच्या सायीवर. रोज उजाडताना सडकेला बसून वाट्या विकायच्या, एका वाटीमागं दोन नान सुटायच्या. मुलगा मुरोद ताश्कंदला बांधकामावर होता. त्याच्या मजुरीतनं लग्नाचा मांडव, आचारी, पाहुणे निभावायचे होते. मोबाइल मात्र आईच्या अंगावर आला होता.

नवरा तिचा गुरांच्या बाजारात दलाल होता. वीस वर्षं ती त्याच्या शेजारी किटली घेऊन बसली. जनावर कळावं म्हणून नव्हे, जनावराभोवती उभी असलेली माणसं कळावीत म्हणून तो तिला न्यायचा. "दात गाईचं बगू नगंस," म्हणायचा, "इकणाऱ्याचं बग, कवा दिसत्यात ते."

आज तिला कोकंदच्या बाजारात जायचं होतं. लग्नाआधी नवरीला बाजारात न्यायची रीत आहे. वराची आई पैसे देते, वधूकडची एक थोरली बाई वस्तू निवडते, आणि नवरी मान खाली घालून मागनं चालते. ती बोलत नाही. बोट दाखवत नाही. ही थोरली बाई म्हणून आली होती नवरीची, म्हणजे ओयदिनची, चुलती मुकद्दम. गावात कुणाचंही लग्न निघो, बाजाराला मुकद्दमच. तिला कापड कळतं, तिला सोनं कळतं, आता मोबाइलही कळू लागला होता.

पोटाशी बांधलेल्या पिशवीत हमरोबीबीनं चाळीस लाख सोम घातले होते. आकडा ऐकायला मोठा, पण एका नानला चार हजार मोजणाऱ्या मुलखात चाळीस लाख म्हणजे काही राज्य नव्हे.

तिघी वडापच्या गाडीतनं उतरल्या तसं पहिलंच दुकान लागलं. दुकानदार म्हातारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. साधा मोबाइल अठरा लाख, मधला छत्तीस, आणि वरच्या फळीवरचा, काळ्या मखमलीवर ठेवलेला, एक कोटी सत्तेचाळीस. हमरोबीबीनं तिन्ही आकडे बोटांच्या पेरांवर बसवले.

"चला," मुकद्दम म्हणाली. "हितला माल जुना वाटतोय."

"डब्यातनं काढला की आत्ता."

"डबा नवा आसतोय वं विहीणबाई. माल आसतोय जुना."

दुसऱ्या दुकानात साधा अठराच, मधला सदतीस, वरचा एक कोटी एकोणपन्नास. तिथं मुकद्दमला उजेड कमी वाटला. मग तिनं दोघींना पार बाजाराच्या टोकाला, समोशांच्या भट्टीपलीकडं नेलं. काचेचं दुकान, आत गरम हवा, आणि काउंटरमागं इल्होम नावाचा गुळगुळीत दाढी केलेला तरुण.

"ह्या दुकानाची पायरी मी कवा चढले न्हाई," दारातच मुकद्दम म्हणाली. "पण बाहेरनं बरं दिसतंय. बगू तरी."

इल्होमनं तीन मोबाइल ओळीनं मांडले. साधा एकोणीस, मधला अडतीस, वरचा एक कोटी बावन्न.

"मावशी, हा वरचा हातात घेऊन बघा. तीन कॅमेरे आहेत. अंधारातसुद्धा फोटो दिवसासारखा येतो."

"अंधारात कुणाचा फोटू काढायचाय?"

ओयदिनची मान खालीच होती, पण खांदे किंचित हलले. हमरोबीबीनं ते पाहिलं. हसली का हुंदका दिला, ते काही पुढं ओढलेल्या रुमालाआडनं कळेना.

"काच बघा ह्याची. पडला तरी फुटत नाही. आणि नाव आहे ह्याला, चार माणसांत काढला की बघतच राहतात."

"आन् ह्यो एकोणीस लाखाचा? त्यावर माझा मुरोद बोलला तर त्याचा आवाज कमी येतोय का?"

इल्होम जरा घुटमळला. "आवाज सारखाच येतो, मावशी."

"कॅमेरा?"

"आहे. ह्यालापण आहे."

"म्हंजे बोलायचे एकोणीस लाख, आन् एक कोटी तेहेतीस लाख बगत ऱ्हाणाऱ्या चार माणसांचे."

"विहीणबाई," मुकद्दम पुढं सरली, आवाज खाली आणला, "गुरांच्या बाजाराची जीभ हितं नगा चालवू. माझ्या सुनंला मी ह्योच दिलाय. लोकं बगून गेली. आता ओयदिन तिच्याहून हलकी व्हय? भाऊजी, ओयदिनचा बा, बोलत न्हाईत, पण मनात धरत्यात. उद्या त्यांनी अर्धी नान माघारी धाडली तर मला बोल लावू नगा. मी आपली मधली बाई."

सुपारी फुटते तशी इकडं लग्न ठरताना नान मोडतात. अर्धी वराकडं, अर्धी वधूकडं. तिच्या पेटीत, पांढऱ्या फडक्यात ती अर्धी नान वाळून दगड झाली होती. ती माघारी आली म्हणजे लग्न मोडलं. आणि एकदा मोडलेल्या घरात दुसरं कोण पोरगी देतंय? मुरोद एकोणतीस वर्षांचा. तेराक्लीत त्याच्या जोडीच्यांची पोरं शाळेत जात होती.

"मधला घेऊ," ती म्हणाली. "अडतीस. लय झालं की त्येबी."

"मधला," मुकद्दमनं तो शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवला. "मधला धड ना गरिबाचा, ना श्रीमंताचा. बाया किंमत इचारणार, मी काय सांगू? सासूनं गाय राखली म्हणून?"

म्हणजे गायीचं हिलाही ठाऊक. हमरोबीबीनं ओयदिनकडं पाहिलं. एक शब्द, एक नजर, काही तरी मिळालं असतं तर तिला कळलं असतं की ही पोर कुठं उभी आहे. ओयदिन फरशी बघत होती. नवरीनं बघावी तशी, अगदी मन लावून.

बाहेर भट्टीवाला ओरडत होता. हमरोबीबीच्या डोळ्यांपुढं रिकामी दावण आली, तिथलं शेण वाळलेलं आलं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबनं आल्यासारखा वाटला. "ठिवा त्यो बाजूला. सांजच्याला पैसं येत्याल. उद्या घिऊन जाईन."

इल्होमचा चेहरा उजळला. "बसा, बसा. चहा घेऊनच जायचं." त्यानं स्टुलं ओढली, किटली आणली, पियाल्या मांडल्या. मघापासून ताठ असलेलं त्याचं अंग आता सैल झालं होतं. काम झालं होतं ना.

हमरोबीबीपुढं पियाली आली ती काठोकाठ भरलेली. ह्या मुलखात भरलेली पियाली म्हणजे प्या आणि उठा. गिऱ्हाइकाला तशीच देतात, त्यात राग नाही. ओयदिनलाही तशीच आली. मग त्यानं मुकद्दमची पियाली भरली. तळाशी घोटभर, बस्स. म्हणजे बसा, संपली की पुन्हा घालतो, घर आपलंच आहे. आणि हात पुसता पुसता, न विचारता, खडीसाखरेची वाटी तिच्यापुढं सरकवली. मुकद्दमनंही न बघता एक खडा उचलून गालात धरला.

हमरोबीबी पियालीकडं बघत राहिली. ज्या दुकानाची पायरी बाई कधी चढली नाही, त्या दुकानाला तिच्या तोंडाची चव माहीत होती.

मग सगळा बाजार तिच्या डोळ्यांपुढं उलटा फिरला. जुना माल, कमी उजेड, बाजाराच्या टोकापर्यंतची पायपीट. गुरांच्या बाजारात असा एक जण असतोच. गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो, भाव चढवतो, आणि सांजच्याला विकणाऱ्याकडनं आपला वाटा घेतो. नवऱ्यानं तिला असे किती दाखवले होते. फक्त त्यांत विहीण कुणी नव्हती.

आता ओरडावं तर? विहिणीला भर बाजारात चोर ठरवलं असतं, तर अर्धी नान आजच माघारी आली असती. गप्प बसावं तर तुर्सुनअली दोर घेऊन येणारच होता.

हमरोबीबीनं आपली भरलेली पियाली दोन्ही हातांनी उचलली. एक थेंब सांडू न देता मुकद्दमपुढं ठेवली. आणि मुकद्दमची घोटभर चहाची पियाली आपल्याकडं घेतली.

"पियाल्यांची गल्लत झाली जणू," ती म्हणाली. "मीबी पैल्यांदा आले, तुमीबी पैल्यांदा आलाय. मग मला भरलेली आन् तुमाला घोटभर, आसं कसं? पोराचा हात हलला आसंल."

इल्होमच्या हातातली किटली तशीच राहिली. मुकद्दमच्या गालातला खडा एकदा कडकन वाजला आणि मग वाजायचा थांबला.

"आवं... चुकून..." मुकद्दम म्हणाली.

"चुकूनच. मी तेच म्हंतीया." हमरोबीबीनं घोटभर चहा हळूच प्यायला. "तुमच्या भाऊजींनी इचारलं बाजारात काय केलं, तर काय सांगायचंय? चहा प्यालो. कुणाच्या पियालीत किती व्हता, एवढंच सांगायचं ऱ्हातंय. सांगू का नगं, तुमीच सांगा."

मुकद्दमनं समोरची भरलेली पियाली पाहिली. तिच्या हातानं गावातली किती लग्नं इथं आली होती, ते तिला आणि इल्होमलाच माहीत. हे बाहेर फुटलं असतं तर तिला कुणी दोऱ्याचं रीळ आणायलासुद्धा नेलं नसतं.

"मधला," ती घसा खाकरून म्हणाली, "तसा मधला वाईट न्हाई. ओयदिनच्या हाताला शोभंल."

"मला काय ठावं बाई. कळतं ते तुमाला."

"मधलाच घ्या."

हमरोबीबीनं पोटाशी हात घातला. गाय राहिली. अडतीस गेले तर वडापचं भाडं निघून वर जरा उरतंय, असं ती मनात जुळवत होती, तोच तिची बाही ओढली गेली.

"आई," ओयदिन म्हणाली. "जरा भाईर येता?"

पहिलाच शब्द तो तिचा, आणि तोही आई. मुकद्दम आणि इल्होम एकमेकांकडं न बघता बसले होते. दोघी बाहेर आल्या. भट्टीचा धूर अंगावर आला. ओयदिनची मान अजूनही खालीच, पण शब्द नीट मोजून येत होते.

"पैल्या दुकानातला साधा घ्या. अठराचा."

"साधा? आगं, बाया बगायला येत्याल. किंमत इचारत्याल."

"मी सांगीन, मीच मागितला. नवरी बाजारात बोलली म्हणून म्हयनाभर तेच बोलत बसत्याल. किंमत ऱ्हाईल बाजूलाच."

हमरोबीबीला हसू येऊ घातलं, ते तिनं आवरलं. "आन् काकूचं तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"नवरीनं बोलायचं नसतं, आई." मग तिनं भर घातली, "आन् तुमी वळखता का न्हाई, ते बगायचं व्हतं."

हमरोबीबीनं तिच्याकडं नव्यानं पाहिलं. खरेदी झालेलं जनावर घरी नेताना पहिल्यांदा चालतं तेव्हा माणूस पाहतो, तसं.

"तुमी आत अडतीस द्याया निघाला व्हता," ओयदिन पुढं म्हणाली. "अठरात झालं. वीस वाचले. त्यातले धा माझ्या हातात द्या."

"वाचले ते माझे वाचले. तुझे कसे?"

"मी आत त्या मोठ्या मोबाइलकडं नुसतं बोट दावलं आसतं तर?"

धूर दोघींमधनं निघून गेला. मुलीच्या बापाच्या नानला ती भ्याली होती, मुकद्दमच्या जिभेला भ्याली होती. पण सगळा वेळ गाईचा दोर धरून उभी होती ती ही.

"धा लाख घिऊन करणार काय तू?"

"ठिवणार. नव्या घरात बाईच्या पदरी काय तरी असावं."

हमरोबीबी स्वतः सतरा वर्षांची असताना ह्याच सासरी रिकाम्या हातानं आली होती. पण म्हणून दहा लाख काही सुटत नाहीत. तिनं उजवा हात पुढं केला. गुरांच्या बाजारात सौदा हातात हात धरून होतो; एकानं भाव बोलायचा, झटका द्यायचा, दुसऱ्यानं आपला भाव बोलून झटका द्यायचा, आणि पटेपर्यंत सोडायचं नाही. ओयदिननं न विचारता हात धरला.

"चार," हमरोबीबीनं झटका दिला.

"नऊ."

"पाच. कापड न्हाई न सोनं न्हाई, नुसत्या गप बसण्याचे पाच लाख."

"आठ. गप बसणं काय सोपं हाय?"

मुकद्दम दारात आली. दोघींचे हात खाली-वर होताना पाहून ती तिथंच थबकली. "काय चाललंय हितं?"

"काय न्हाई विहीणबाई," हमरोबीबी म्हणाली. "जरा थांबा. सहा."

"साडेसात."

"साडेसहा. ह्याच्यावर एक सोम न्हाई."

ओयदिननं मान आणखी खाली घातली, नव्या नवरीनं घालावी तशी. हात मात्र सोडला नाही.