सुलतानबीच्या हातचा हत्ती

मी एक जुना कापडी हत्ती आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला हत्ती आहे. पोटात नुसता कापूस असलेल्याला कसला आला राग, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याच्यावर एक जाडजूड माणूस सात वर्षे बसला आणि ज्याच्यासमोर त्याच्या आईला परकी ठरवले गेले, त्याला विचारा. मग कळेल कापसालाही राग येतो की नाही ते.

माझा जन्म १९६४ साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. शिंप्याचे नाव कुतुबुद्दीन. त्याची बायको सुलतानबी, थोरला मुलगा चमन आणि धाकटी मुलगी नजीरा. नजीरा तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला टायफॉइड झाला होता. डॉक्टरांनी सांगितले होते की पोरीला उठू द्यायचे नाही आणि शेजारची मुले जवळ येऊ द्यायची नाहीत. दारातून मैत्रिणींचा आवाज आला की नजीरा भिंतीकडे तोंड करून रडायची.

सुलतानबीने दुकानातल्या चिंध्यांचे गाठोडे सोडले. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती लेकीच्या उशाशी बसून शिवू लागली. कोटाच्या राखाडी कापडाच्या तुकड्यांतून मी झालो. माझ्या पोटात जुन्या गादीचा कापूस गेला आणि डोळ्यांना शर्टाची दोन बटणे आली. माझी सोंड मात्र डावीकडे वाकडी झाली. नजीराने ताप असतानाच मला छातीशी धरले आणि माझे नाव ठेवले, सुभेदार.

माझ्या मागून बदक आले. मग अस्वल, फ्लॅनेलचे दोन ससे, मान कलती असलेला उंट, पोपट आणि चकचकीत अस्तराचा मासा. सर्वांत शेवटी म्हैस आली. रोज सकाळी दारात म्हैस आणून दूध पिळून देणाऱ्या धोंडुबाईने ती पाहिली आणि म्हणाली, "व्हय गं सुलतानबी, ही तर माझीच म्हस की! फकस्त लाथ मारत न्हाय एवढंच." चाळीस दिवसांत पहिल्यांदा नजीरा हसली ती त्या दिवशी.

ती बरी झाली. आम्ही नऊ जण तिचा जीव की प्राण झालो. कुतुबुद्दीनने दुकानात शिलाईयंत्राच्या वर एक लांब फळी ठोकली आणि आम्हांला ओळीने बसवले. दर शुक्रवारी नजीरा स्टुलावर चढून आम्हांला एकेक करून खाली घ्यायची, मऊ फडक्याने पुसायची आणि पुन्हा आमच्या आमच्या जागी ठेवायची. आमचा क्रम चुकलेला तिला खपत नसे. कपडे शिवायला आलेले लोक माप द्यायचे विसरून आमच्याकडे बघत राहायचे. एकदा आजऱ्याचा एक बडा गृहस्थ म्हैस विकत मागू लागला. कुतुबुद्दीन टेप गळ्यात टाकून म्हणाला, "पावणं, कापड मागा, बटनं मागा. लेकीच्या आजारातली सोबत हाय ती. ती इकायची न्हाय."

असे आमचे चांगले दिवस होते. ते अकरा वर्षे टिकले.

मग नजीराचे लग्न झाले आणि ती इचलकरंजीला गेली. तिचा नवरा तिथे मागावर कामाला होता. आम्हांला न्यावे असे तिच्या मनात होते, पण एका खोलीत चार माणसे, तिथे आम्ही बसणार कुठे? "अम्मा, ह्यास्नी संभाळ," एवढेच ती म्हणाली. दोन वर्षांनी कुतुबुद्दीन वारला. दुकान चमनकडे आले.

चमन वाईट माणूस नव्हता, हे मी रागातही कबूल करतो. पण त्याला दुकान नवे करायचे होते. ट्यूबलाइट आली, मोठा आरसा आला, रंगवलेली पाटी आली. आमची फळी निघाली. आठ जणांना गोणत्यात कोंबून त्याने माळ्यावर टाकले. आणि मला? यंत्रासमोरचे लाकडी स्टूल त्याला टोचत असे, म्हणून त्याने मला त्या स्टुलावर ठेवले आणि तो माझ्यावर बसला!

मित्रांनो, सात वर्षे. सकाळी नऊला बसायचा तो जेवायलाच उठायचा. माझे पोट भाकरीसारखे चपटे झाले. यंत्राचे तेल गळून माझी पाठ काळी झाली. ज्या हत्तीला लोक मान वर करून पाहत होते, त्याचा पाट केला. सुलतानबीने दोनदा हटकले, "चमन, नजूचा हत्ती हाय रं तो." चमन "देतो की काढून" म्हणायचा आणि पुढच्या पॅंटीला शिलाई घालायचा. पुढे सुलतानबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तिला माणूस सावलीसारखा दिसू लागला. मी कुठे आहे ते दिसेनासे झाले, आणि माझ्यासाठी बोलणारे घरात कोणी उरले नाही.

१९८४ च्या मे महिन्यात नजीरा माहेरी आली. बरोबर तिची सात वर्षांची मुलगी सुगरा होती. दुकानात पाऊल टाकताच नजीराला चमनच्या मांडीखालून बाहेर आलेली एक वाकडी सोंड दिसली. ती जागच्या जागी थांबली.

"भाई, ऊठ."

"का गं? आत्ताच आलीस, पानी तरी पी."

"ऊठ म्हनते न्हवं!"

चमन दचकून उठला. नजीराने मला उचलले आणि उलटसुलट करून पाहिले. "अब्बांनी आजऱ्याच्या पावण्याला दिली न्हाईत ही जनावरं. आन् तू बुडाखाली घेतलीस व्हय?"

"जुनी चिंधी हाय गं ती," चमन ओशाळून म्हणाला. "कंबर दुखती म्हनून घेतली."

"कंबर दुखती तर उशी शीव. शिंपी हाईस न्हवं तू?"

चमनने शिडी लावली आणि माळ्यावरचे गोणते खाली काढले. ते सोडून नजीराने एकेकाला बाहेर काढले. मासा उंदरांनी संपवला होता. एका सशाचे फक्त कान उरले होते. आम्ही नऊचे सात झालो होतो.

नजीराने आठ दिवस माहेरचा दुसरा कुठलाही उद्योग केला नाही. तिने पदर खोचून आमची सफाई केली. सुलतानबी दाराशी बसून सांगत होती. डोळे गेले तरी तिच्या हातांना सगळे पाठ होते. "एकदम पान्यात बुडवू नगंस. रंग एकात एक जाईल. आदी कोंडा चोळ."

मग गव्हाचा कोंडा तव्यावर कोमट करून आमच्या अंगाला चोळला गेला. कोंडा काळा होऊन गळायचा आणि खालून आमचा रंग वर यायचा. डागांवर रिठ्याच्या फेसात भिजवलेले फडके हलक्या हाताने फिरले. आम्ही सावलीत बाजेवर वाळलो. सुगरा काठी घेऊन कावळे हाकत बसली होती.

माझे पोट मात्र उसवावे लागले. आतला कापूस दगडासारखा झाला होता. नजीराने मौला पिंजाऱ्याला बोलावले. त्याने तो कापूस बोटांनी सोडवून पाहिला आणि म्हणाला, "आपा, ह्यो कापूस मेलेला न्हाय. निजलाय. उठीवतो की." त्याच्या पिंजायच्या धनुकलीची तार वाजू लागली आणि माझ्या पोटातला कापूस अंगणभर उडाला. तो पुन्हा माझ्यात भरला गेला तेव्हा सात वर्षांनी मी चार पायांवर उभा राहिलो. पाठीवरचा तेलाचा डाग गेला नाही. नजीरा म्हणाली, राहू दे.

आम्हांला खिडकीत ओळीने मांडले होते. ते रस्त्यावरून पाहून शालूबाई आत आल्या. त्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या आणि मंडळ जुन्या घरगुती कलेचे प्रदर्शन भरवणार होते. "किती सुंदर हो! तीन दिवसांसाठी द्या," त्या म्हणाल्या. "काचेचं कपाट देते. धूळसुद्धा बसणार नाही."

"अम्माचं नाव लिवाल न्हवं?" नजीराने विचारले.

"अगदी ठळक," शालूबाई म्हणाल्या.

मला आनंद झाला. लोक पुन्हा मान वर करून पाहतील, असे वाटले. मूर्ख होतो मी.

सभागृहात आम्हांला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. बाहेर दोन पाट्या लागल्या. एक होती, "हात लावू नये". दुसरीवर ठळक अक्षरांत होते, "जुन्या घराण्यातील दुर्मिळ खेळणी. संग्रह : सौ. शालूबाई". सुलतानबीचे नाव कुठेच नव्हते. कसले जुने घराणे? कोटाच्या चिंध्यांचे घराणे! लोक येत होते, वाहवा करत होते, आणि शालूबाई मान तुकवून ती वाहवा स्वीकारत होत्या. मला तोंड असते तर मी सभागृह डोक्यावर घेतले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलतानबी आली. धुतलेली साडी नेसून, एका हाताने सुगराचे बोट धरून, दुसऱ्या हाताने वाट चाचपत. मागे नजीरा होती. कपाटाशी आल्यावर सुलतानबीने हात पुढे केला. तिला दुसरे काय करता येणार? ती हातांनीच पाहत होती. तिची बोटे गार काचेला लागली.

"आज्जी, हात आवरा," राखण करणाऱ्या अंबूबाई म्हणाल्या. "काच मळती की. पाटी हाय बघा."

सुलतानबीने हात मागे घेतला आणि पदरात लपवला. चोरी करताना सापडल्यासारखा लपवला. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. ज्या हाताने मला पाय दिले, सोंड दिली, डोळे दिले, तो हात मला मळवणार होता!

तेवढ्यात सुगराने मोठ्याने पाटी वाचली. ती नुकतीच वाचायला शिकली होती. "संग्रह, सौ. शालूबाई... अम्मी, नानीचं नाव कुठं हाय?"

नजीराने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग ती शालूबाईंकडे गेली. "बाई, नाव लिवतो म्हनलासा न्हवं?"

शालूबाई आवाज खाली करून म्हणाल्या, "समजून घ्या हो. शिंप्याच्या बायकोनं चिंध्यांतून शिवली असं लिहिलं तर मोठे पाहुणे काय म्हणतील? प्रदर्शनाला शोभा नको का?"

"शोभा?" नजीराचा आवाज मात्र खाली राहिला नाही. सगळे सभागृह वळले. "मी मरनाच्या दारात पडलेते तवा ह्या बाईनं ही शिवली. तिच्या हातानं तुमची काच मळती, आन् तिची जनावरं घिऊन तुम्ही मिरवता? किल्ली द्या."

"प्रदर्शनाची एक शिस्त असते."

"किल्ली द्या, न्हायतर काचंचं काय हुईल ते मला म्हाईत न्हाय."

आणि मग ज्यांनी सुलतानबीला हटकले होते, त्याच अंबूबाई कमरेची किल्ली काढत पुढे आल्या. शालूबाई "अंबूबाई!" म्हणून ओरडल्या. अंबूबाईंनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी कुलूप काढले, मला बाहेर घेतले आणि सुलतानबीच्या हातांत दिले. "आज्जी, मला ठावं नव्हतं," एवढेच त्या म्हणाल्या.

सुलतानबी तिथेच जमिनीवर बसली. तिने मला मांडीवर घेतले. तिची बोटे माझ्या पाठीवरून, कानांवरून फिरत सोंडेपाशी आली आणि थांबली.

"ही वाकडी झाली," ती हळूच म्हणाली. "त्या दिशी नजूचा ताप लई चढलाता. माजं हात कापत हुतं. थांबले असते तर रडू आलं असतं, पोरीनं बघितलं असतं. म्हनून शिवतच ऱ्हायले."

वीस वर्षे मी समजत होतो की माझी सोंड चुकून वाकडी झाली. नजीरालाही हे माहीत नव्हते. ती आईच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. अंबूबाईंनी शालूबाईंच्या नावाची पाटी काढून घेतली, उलटी केली आणि सुगराला पेन्सिल दिली. सुगराने मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, "ही जनावरे माझ्या नानीने शिवली. सुलतानबी, राजारामपुरी."

शालूबाईंनी माफी मागितली नाही. त्या दुसऱ्या खोलीत निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही सात जण साध्या टेबलावर बसलो, कपाटाबाहेर, आणि शेजारच्या खुर्चीत सुलतानबी बसली. मुलांनी आम्हांला उचलले, दाबले, माझे कानही ओढले. थोडा मळलो. पुन्हा कोंडा चोळता येतो, त्यात काय मोठे?

आता सुलतानबी या जगात नाही. आम्ही इचलकरंजीत नजीराकडे असतो. माझा राग अजून पुरता उतरलेला नाही आणि तो उतरू नये असेच मला वाटते. तुमच्या घरीही एखादी जुनी बाहुली असेल, गोधडी असेल, कोणीतरी हाताने केलेले काहीतरी असेल. ते साफ करा. नीट मांडा. पण ते कोणी केले हे आजच घरात विचारा, ते नाव कागदावर लिहा आणि त्या वस्तूशेजारी ठेवा. आणि मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा मळ काढताना तिच्यातले माणूस पुसून टाकू नका.